उशीखालचे वाङ्मय

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विद्वान ग्रंथांची नोंद घेतात. ते ग्रंथ कोणी, कोठे बसून आणि कोणापासून लपवून वाचले, याची नोंद घेण्याचे त्यांना सहसा कारण पडत नाही. 'तुमच्या घरी काय वाचतात?' असे कोणी विचारले की आपण माजघरातले कपाट दाखवतो. त्यात ज्ञानेश्वरी असते, दासबोध असतो, पांडवप्रताप असतो, हरिभाऊ आपट्यांची एखादी कादंबरी असते. पण त्याच घरात गादीच्या घडीत, कणगीच्या मागे किंवा माळ्यावरच्या पेटीत आणखी एक छोटासा ग्रंथसंग्रह असे. त्याची यादी कोणी केलेली नाही. तो कधी विकत घेतलेला नसे, मागून आणलेला असे. आणि वाचून झाला की मुकाट्याने दुसऱ्या घरी जाई.

या दुसऱ्या संग्रहाचा, म्हणजे प्रौढांसाठी म्हणून लिहिल्या गेलेल्या शृंगारिक कथा-कादंबऱ्यांचा आणि त्या एकमेकांना पुरवणाऱ्या वाचकांचा, थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे. दिवाळी अंकात हा विषय कसा, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आहे. मराठीतील या प्रकारचा एक गाजलेला खटला झाला तो एका दिवाळी अंकावरच. आणि तो दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

मी बोदवडचा. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, भुसावळ आणि मलकापूर यांच्या मध्ये हे आमचे गाव आहे. पुण्या-मुंबईच्या संपादकांनी आणि वकिलांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु पुस्तक छापले जाते शहरात आणि मुरते ते बोदवडसारख्या ठिकाणी. तेव्हा ही हकीकत गावाच्या बाजूने पाहिली तर काही निराळे दिसते का, हे पाहू.

शृंगार ही काही आपल्या मुलखाला नवी वस्तू नव्हे. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती' हा सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला संग्रह घ्या. गोदावरीकाठची शेतकरी माणसे, त्यांच्या तरण्या बायका, परगावी गेलेले नवरे आणि शेजारची चतुर बाई, यांच्या चोरट्या भेटींनी तो भरलेला आहे. १९५६ साली स. आ. जोगळेकर यांनी त्याची मोठी साक्षेपी मराठी आवृत्ती काढली, तेव्हा तिचे स्वागतच झाले. उत्तर पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्या भर बैठकीत रंगत. आमच्याकडे जत्रेत तमाशाचे फड उभे राहत. हळदीच्या दिवशी बायका विहिणीला उद्देशून जी गाणी म्हणत ती या अंकात छापता येण्यासारखी नाहीत. आणि शिमग्याच्या पाच दिवसांबद्दल तर काही न बोललेलेच बरे.

पण या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. हे सारे चारचौघांत ऐकले जाई. ऐकणाऱ्यांत म्हातारे असत, तरणे असत. मर्यादा कोठे ओलांडली हे सांगायला पोलीस लागत नसे. एखाद्या वडीलधाऱ्याचे खाकरणे पुरत असे. जे आवडले त्यावर सगळे मिळून हसत आणि जे फार झाले त्यावर सगळे मिळून गप्प बसत.

छापखाना आला आणि ही मांडणी बदलली. छापील पुस्तक एकट्याने, मनातल्या मनात वाचावयाचे असते. तेथे खाकरणारे कोणी नसते. म्हणूनच की काय, खाकरण्याचे काम सरकारने आपल्याकडे घेतले. अश्लील पुस्तके व चित्रे यांच्या विक्रीला बंदी करणारा कायदा १८५६ साली झाला. १८६० च्या दंडसंहितेत कलम २९२ आले. अश्लील म्हणजे काय, हे मात्र त्यात सांगितलेले नव्हते. ते १८६८ साली इंग्लंडातील हिक्लिन खटल्यात ठरले. ज्यांची मने अशा वाईट परिणामाला सहज बळी पडण्यासारखी आहेत, त्यांच्या हाती पुस्तक पडले तर ती बिघडतील काय, अशी ती कसोटी होती. म्हणजे पुस्तकाची परीक्षा जाणत्या वाचकाच्या डोळ्यांनी करावयाची नाही, सर्वांत दुबळ्या वाचकाच्या डोळ्यांनी करावयाची. आता दुबळे कोण? कायद्याने कोणाचे नाव घेतले नाही, पण घरोघरी उत्तर तयार होते: पोरे आणि बायका. पुरुषांना काही होत नाही, असे पुरुषांचे एकमत होते.

या कसोटीचा पहिला मोठा आघात आपल्याकडे ज्याच्यावर झाला तो कथालेखक नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र आणि आत लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग यांविषयी कोरड्या, रोखठोक भाषेतले लेख, असा त्याचा थाट होता. त्यातली सर्वांत जिवंत जागा म्हणजे वाचकांचे प्रश्न. ज्याला डॉक्टरांपुढे तोंड उघडायची लाज वाटे तो कर्व्यांना पत्र लिही, आणि कर्वे छापील उत्तर देत.

या मासिकावर एकापेक्षा अधिक वेळा खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात अशाच काही उत्तरांवर आक्षेप होता, आणि कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी लैंगिक प्रश्न विचारावे आणि जाणत्याने त्यांना उत्तर द्यावे यात अश्लील ते काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे २००१ साली अमोल पालेकरांनी कर्व्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, तेव्हा त्यांना समाजसुधारक म्हणून मान मिळाला. पण हयातीत त्यांचे मासिक चोरून वाचण्याच्या वस्तूंतच मोडत होते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

आता बोदवडकडे येऊ. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या सुमारास, आमच्याकडे पुस्तके येण्याच्या वाटा तीन. पहिली सार्वजनिक वाचनालयाची. जिल्ह्याला जळगावी वल्लभदास वालजी यांच्या नावाचे १८७७ पासूनचे जुने वाचनालय आहे; त्या धर्तीवर लहान-मोठ्या गावांतही वाचनालये निघाली होती. दुसरी वाट भुसावळची. भुसावळ हे मोठे जंक्शन. रेल्वेत नोकरीला असलेली माणसे फलाटावरच्या दुकानातून मासिके घेत, गाडीत वाचत आणि घरी येताना पिशवीच्या तळाशी घालून आणीत. तिसरी वाट म्हणजे भाड्याने पुस्तके देणारा दुकानदार. तो एरवी वह्या, शाई आणि पतंग विकी; मागच्या फळीवर कादंबऱ्या. अनामत दोन रुपये आणि रोजचे पाच नवे पैसे, असा त्याचा दर मला पक्का आठवतो.

त्याच्या फळीवर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उघड्या मांडलेल्या असत. त्याखाली एक खण होता, त्याला कुलूप असे. त्या खणातले पुस्तक 'ते दुसरे' या नावाने मागावयाचे. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर, आणि कव्हरावर शाईने भलतेच नाव. 'हरिविजय' असे लिहिलेल्या पुस्तकात हरी क्वचितच सापडे. दुकानदार मोठा जाणता होता. कोणाला काय द्यावे याची त्याने स्वतःपुरती एक दंडसंहिता केली होती: लग्न न झालेल्याला खणातले पुस्तक नाही, आणि ज्याचे वडील गिऱ्हाईक आहेत त्याला तर मुळीच नाही.

सर्वांत मोठी उलाढाल दिवाळीत होई. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली घातली, आणि पन्नास वर्षांत तिचे केवढे झाड झाले हे सांगायला नको. एका घराला सगळे अंक विकत घेणे शक्य नव्हते. म्हणून आमच्या गल्लीत पाच घरांनी मिळून अंक घ्यायचे, आणि प्रत्येकाने चार दिवस ठेवून पुढच्या घरी द्यायचे, असा रिवाज होता. 'आवाज'ची ती खिडक्यांची चित्रे – १९५१ साली मधुकर पाटकरांनी हा विनोदी दिवाळी अंक काढला – खिडकी उघडण्यापूर्वी मनात भलतेच आणणारी आणि उघडल्यावर वाचकाची फजिती करणारी. पाचव्या घरी अंक पोहोचेपर्यंत त्या खिडक्यांची दारे निखळलेली असत. याच फेऱ्यात, दोन भारदस्त अंकांच्या मध्ये दडून, एखादा 'रंभा'सारखा अंकही फिरे. त्याचा क्रम मात्र कोणी बोलून ठरवलेला नसे. तो पुरुषांच्या ओसरीवरून ओसरीवर जाई.

१९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली. काकोडकर हे भाड्याच्या वाचनालयांचे लाडके लेखक. त्यांच्या कादंबऱ्यांची पाने मुडपून, तेलाचे डाग पडून, शेवटची चार पाने गळून गेलेली असत. लोकप्रियतेची याहून मोठी पावती ती कोणती? 'श्यामा' ही एका कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची गोष्ट. पुण्यात तिच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. लेखकाबरोबर मुद्रक-प्रकाशक आणि विक्रेता यांनाही आरोपी केले गेले. खालच्या न्यायाधीशांना गुन्हा दिसला नाही आणि त्यांनी आरोपींना सोडून दिले. त्यावर अपील झाले. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला आणि प्रकाशकाला दोषी ठरवले, प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला, आणि त्या अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला.

पंचवीस रुपयांचा दंड काही फार मोठा नव्हे. तो भरून टाकून दुसऱ्या दिवशी नवी कादंबरी लिहावयास बसणे लेखकाला सहज जमले असते. काकोडकर दंड भरून गप्प बसले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्या वेळी वारे अनुकूल होते असेही नाही. लंडनमध्ये डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीची १९६० साली जूरीने निर्दोष सुटका केली होती. परंतु तीच कादंबरी दुकानात विकायला ठेवल्याबद्दल मुंबईच्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्यावर खटला झाला, आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची कसोटी मान्य करून त्यांची शिक्षा कायम केली. ज्या इंग्लंडातून कसोटी आली तेथे ती सैल झाली होती, आणि आपण ती अजून घट्ट धरून होतो.

अशा स्थितीत २५ ऑगस्ट १९६९ रोजी 'श्यामा'चा निकाल लागला. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी तो लिहिला. ज्या मराठी कथेवर गावोगावच्या ओसऱ्या सात वर्षे कुजबुजल्या, ती दिल्लीत इंग्रजी भाषांतरातून वाचली गेली! कथा फार थोर आहे असे न्यायमूर्तींनी म्हटले नाही. पण ती सुटी सुटी वाक्ये वेचून न वाचता सबंध वाचली पाहिजे, समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत आहेत, आणि स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख अश्लील मानावयाचा तर धार्मिक पुस्तकांवाचून दुसरे काही विकताच येणार नाही, अशा आशयाचे विवेचन करून त्यांनी लेखकाला दोषमुक्त केले. याच वर्षी संसदेने कलम २९२ मध्ये दुरुस्ती केली आणि शास्त्र, वाङ्मय, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला त्यातून सूट दिली. आणखी एक योगायोग सांगतो. १९६९ च्या डिसेंबरात 'दो रास्ते' हा राजेश खन्नांचा हिंदी चित्रपट लागला. तो काकोडकरांच्याच 'नीलांबरी' या कादंबरीवरून घेतलेला. ज्या लेखकाचे पुस्तक कुलपातल्या खणात होते त्याची कथा पाहायला सबंध कुटुंबे नटूनथटून, पोराबाळांसह गेली.

खटल्याची हकीकत येथे संपते आणि बहुतेक लेखही येथेच संपतात. लेखक सुटला, कलेचा जय झाला, वाचकांनी टाळ्या वाजवाव्या. मला मात्र अजून त्या कुलपातल्या खणाविषयी थोडे बोलावयाचे आहे.

त्या खणात केवळ काकोडकर नव्हते. 'समाजस्वास्थ्य'चे जुने, सुट्या पानांचे अंक तेथेच होते. कर्व्यांचे १९२३ सालचे 'संततिनियमन' आणि १९३४ सालचे 'आधुनिक कामशास्त्र' ही पुस्तके ज्यांच्याकडे असत, त्यांच्याकडे ती तशाच ठिकाणी असत. रंजनासाठी लिहिलेली गोष्ट आणि जीव वाचवण्यासाठी लिहिलेला लेख यांत कायद्याने फरक केला नाही, म्हणून दुकानदारानेही केला नाही. दोन्ही 'ते दुसरे'. आणि खणाची किल्ली ज्यांच्यासाठी उघडे ते सगळे पुरुष. दुकानदाराच्या वहीत बायकांची नावे नव्हतीच. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांत साक्षरतेचे प्रमाण शंभरात सुमारे पंधरा होते. त्यांतून ज्यांना वाचता येई त्यांचे पुस्तकही घरातल्या कर्त्याच्या नावावर येई.

तरी पुस्तके बायकांपर्यंत पोहोचत. कशी, ते मी पाहिले आहे. कारण आणण्या-पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते. उन्हाळ्यात आमच्या वाड्याच्या चौकात गल्लीतल्या बायका बिबडे करायला जमत. ज्वारीच्या पिठाचे ते खानदेशी पापड थापता थापता दुपार जाई. माझी मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको, तेवढी चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या हाताला काम नसे. तिने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. सुरुवात 'श्यामची आई'ने झाली होती. साने गुरुजी आमच्या खानदेशात, अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे ते पुस्तक आम्हांला घरचे वाटे. वाचताना सगळ्याजणी पदराने डोळे पुसत. पुढे नाथमाधव झाले, मग 'ययाती'. खांडेकरांची ही १९५९ सालची कादंबरी तर सबंध अतृप्त वासनेवर उभी आहे. पण पात्रे महाभारतातली, तेव्हा तिला कोणी हरकत घेतली नाही. आणि मग, काकांनी उशीखाली ठेवलेला एक अंक मोठ्या मायने एका दुपारी पदराखालून काढला. 'श्यामची आई'च्या पाठोपाठ 'श्यामा' त्या चौकात आली.

मी चौदा-पंधरा वर्षांचा. मला पाणी आणायला पाठवले गेले, आणि विहीर फार लांब असल्याचे बजावले गेले. तरी हसण्याचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू येई. मधूनच तो थांबे. थांबे तेव्हा कोणी वयस्क बाई एखादा शेरा मारी, आणि पुन्हा खसखस पिके. जत्रेतल्या फडात जे होत असे तेच येथे होत होते: सगळ्यांनी मिळून ऐकणे, हसणे, आणि नको तेथे 'पुरे व माय, पुढचं वाच' म्हणून पान उलटायला लावणे. त्या बायकांची मने बिघडल्याचे मला तरी कधी दिसले नाही. बिबडे मात्र त्या दिवशी जाड झाले.

महत्त्वाची दुपार ही नव्हे, तिच्यानंतरची आहे. एकदा खणातल्या पुस्तकाबरोबर 'समाजस्वास्थ्य'ची काही सुटी पाने आली. मोठ्या मायने ती गोष्ट समजून वाचायला घेतली. ती निघाली वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे. या वेळी कोणी हसले नाही, आणि मला विहिरीवर पाठवायचेही कोणाच्या ध्यानात राहिले नाही. मुले किती व्हावीत हे नवरा-बायकोने ठरवता येते, त्याला साधने आहेत, त्यात पाप नाही, अशा अर्थाचे काहीतरी ती अडखळत वाचत होती. गल्लीतली एक बाई, सहा बाळंतपणे झालेली आणि दोन पोरे गेलेली, हातातले पीठ तसेच धरून ऐकत होती. पान संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "पुन्हा वाच व माय, हळू वाच."

मोठ्या मायने ते पान तीनदा वाचले. मासिकावरची तारीख पंचवीस वर्षांपूर्वीची होती. म्हणजे ही माहिती त्या बाईच्या लग्नाच्याही आधी छापून झाली होती, आगगाडीने भुसावळपर्यंत आली होती, आमच्या गावात एका कुलपाआड पोहोचली होती. आणि तिच्या घरापासून शे-दीडशे पावलांवर पडून होती. मधल्या काळात सहा बाळंतपणे झाली. ही गोष्ट कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही. अश्लीलतेच्या कायद्याने 'श्यामा'चे काय केले हे आपण नीट लिहून ठेवले आहे. त्या कायद्याच्या आणि त्याहून कडक अशा घरगुती लाजेच्या आड ज्यांच्यापर्यंत साधे ज्ञान पोहोचले नाही, त्यांचा हिशोब कोणी मांडला नाही.

म्हणून मला वाटते, या वाङ्मयाच्या फिरत्या मंडळींविषयी तुच्छतेने बोलू नये. त्यांनी वाचलेले बरेचसे लिखाण सामान्य होते, काही हिणकसही होते, यात शंका नाही. पण कव्हरे घालून, नावे बदलून, पदराखालून पुस्तके पुढे सरकवणाऱ्या त्या हातांनीच शृंगाराबरोबर शहाणपणही गल्लीत आणले. दोन्ही एकाच खणात कोंडलेली, तेव्हा एक बाहेर आणायचे तर दुसरे बरोबर येणारच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. दूरदर्शन घरोघरी आले आणि भाड्याची वाचनालये एकेक करून बंद पडली. आमच्या दुकानदाराच्या मुलाने तेथे आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले आहे. हिक्लिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका खटल्यात अखेर टाकून दिली आणि समकालीन समाजाच्या मापाने पाहावे असे ठरवले. जुनी दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून गेली; कलम २९२ चा विषय आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये आहे. आणि खण? तो आता प्रत्येकाच्या खिशात असतो. त्याचे कुलूप अंगठ्याने उघडते. पूर्वी जे पुस्तक पाच घरे फिरायला वीस दिवस घेई ते आज निमिषात पाचशे ठिकाणी जाते, आणि केवळ मराठीतले नव्हे, देशातल्या प्रत्येक भाषेतले असे वाङ्मय तिच्या वाचकांत असेच हातोहात फिरत असते.

त्यात चांगले किती, वाईट किती, याचा निवाडा मी करीत नाही. एवढे मात्र दिसते की वाचणारा पुन्हा एकटा झाला आहे. चौकात बसून ऐकताना 'पुरे' म्हणणारी वयस्क बाई त्याच्याजवळ नाही, आणि 'पुन्हा वाच' म्हणणारीही नाही. ज्या पोराच्या हाती सगळ्या जगाचा खण दिला आहे, त्याच्याशी त्या विषयावर घरात चार शब्द बोलायला आपण आजही कचरतो. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्यांची जी अडचण होती तीच नेमकी त्याचीही आहे. उत्तरे पुष्कळ आहेत; विचारायचे कोणाला, हा प्रश्न सुटलेला नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. दिवाळीच्या आधी घरोघरी सफाई निघते आणि माळ्यावरचे जुने अंक रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. प्रतिष्ठित मासिकांच्या फायली ग्रंथालयांतून नीट बांधून ठेवलेल्या आहेत. 'रंभा'सारख्या अंकांची आणि 'समाजस्वास्थ्य'च्या सुट्या पानांची तशी काळजी वाहणारे कोणी नाही; कागद हलका, हात लावला की तुकडे पडतात. आपल्या माळ्यावर असे काही निघाले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळून पाहावे. समासात कोणी पेन्सिलीने खूण केली आहे का, पान कोठे मुडपले आहे, पिठाची बोटे कोठे उमटली आहेत, तेही पाहावे. आणि मग ते जवळच्या वाचनालयात नेऊन द्यावे. ग्रंथपाल थोडे दचकतील, पण घेतील.